दारावरच्या माणसाला किती ठाऊक असावे?

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये अल्मन ब्राउन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यसंस्कारांची व्यवस्था करून देण्याचा धंदा करीत असे. टेलिफोन आल्यापासून आपले गिऱ्हाईक कमी झाले, अशी त्याची तक्रार होती. त्यामागची सांगोवांगीची कथा अशी की, त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होती आणि कुणी अंत्यविधीवाल्याला फोन जोडून मागितला की ती तो आपल्या नवऱ्याकडे वळवी. कथेत मीठमसाला किती, कोण जाणे. त्याने काढलेला तोडगा मात्र कागदोपत्री पक्का आहे. १० मार्च १८९१ रोजी स्ट्रोजरला स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावी तसे सार्वजनिक एक्स्चेंज सुरूही झाले. मधल्या बाईला फार माहिती होती. तिच्या जागी काहीच माहिती नसलेले यंत्र बसवून त्याने प्रश्न मिटवला.

सव्वाशे वर्षांनंतर आपण मोबाइलवर रेल्वेचे तिकीट काढतो किंवा क्रिकेटचा सामना पाहतो, तेव्हाही मध्ये असाच एक जण उभा असतो. मोठे संकेतस्थळ एका संगणकावर चालत नाही. मागे दहा, शंभर, कधी हजारो सर्व्हर असतात. येणारी प्रत्येक विनंती त्यांपैकी कुणाकडे धाडायची, हे दारावर बसवलेली एक यंत्रणा ठरवते. तिला लोड बॅलन्सर म्हणतात. मी या लेखापुरता त्या कामाला भारवाटप म्हणणार आहे. ‘भारनियमन’ हा जवळचा शब्द आपल्या भाषेत आधीच आहे, पण त्याचा अर्थ महाराष्ट्राने अंधारात बसून शिकलेला आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

भारवाटपाच्या पद्धती पुष्कळ आहेत आणि त्यांतली कोणती निवडावी यावर अभियंते तावातावाने बोलतात. मी अभियंता नाही. जुने शोधनिबंध मुळातून वाचण्याचा नाद आहे, एवढेच. पण ते कालक्रमाने वाचत गेल्यावर मला असे दिसू लागले की, या सगळ्या पद्धतींच्या नावांमागे वाद एकच आहे आणि तो स्ट्रोजरच्या काळापासून चालू आहे: दारावरच्याला आतले किती ठाऊक असावे?

*

स्ट्रोजरची यंत्रे आपल्याकडेही दीर्घकाळ नांदली. १९४८ साली बेंगळुरूला स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने सुरुवात केली ती याच पद्धतीच्या एक्स्चेंजांनी. डायल फिरवली की आतला दांडा एकेक पायरी वर चढे, मग आडवा फिरून मोकळी तार शोधी. हा शोध दर वेळी पहिल्या तारेपासूनच सुरू होई. त्यामुळे पहिल्या तारा दिवसभर राबत आणि शेवटच्या तारांवर क्वचित पाळी येई. सगळ्या तारा सारख्याच असल्याने बोलणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. वाटप अत्यंत असमान, तरी काम चोख. भारवाटप म्हणजे सर्वांना सारखे काम, ही समजूत या पहिल्याच उदाहरणापाशी डळमळते.

तारा किती ठेवायच्या, हा प्रश्न मात्र राहिला. त्याचे उत्तर डेन्मार्कमधून आले. आग्नर क्रारूप एर्लांग हा १८७८ साली जन्मलेला, शाळामास्तराचा मुलगा. गणित शिकून त्याने काही वर्षे शाळांतून शिकवले. कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता योहान येन्सन हे स्वतः नावाजलेले हौशी गणिती. गणितज्ञांच्या संघटनेतल्या ओळखीतून त्यांनी १९०८ साली एर्लांगला कंपनीत आणले. तो तिथेच जवळजवळ वीस वर्षे, म्हणजे १९२९ साली मृत्यू येईपर्यंत राहिला. लग्न केले नाही. तारांमधून होणारी विजेची गळती मोजण्यासाठी तो स्वतः रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरे, तेव्हा शिडी घेतलेला एक कामगार त्याच्या मागोमाग चाले, असे वर्णन मिळते. प्रयोगशाळा म्हणावी असे त्याच्यापाशी फारसे काही नव्हते.

१९०९ साली त्याने दाखवले की, लोक एकमेकांना न विचारता, आपापल्या कारणाने फोन करतात, म्हणूनच त्यांच्या गर्दीला एक नियम सापडतो. एकेकट्याचे काही सांगता येत नाही, हजारांचे येते. १९१७ साली त्याने या विचारातून दोन सूत्रे काढली. सगळ्या तारा गुंतलेल्या असताना आलेला फोन परत धाडला तर किती फोन वाया जातील, हे एक. आणि त्यांना थांबवून ठेवले तर किती वेळ थांबावे लागेल, हे दुसरे. एसटीडीच्या जमान्यात ‘या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत’ हे ज्यांनी कानाला फोन लावून असंख्य वेळा ऐकले आहे, त्यांनी एर्लांगचे पहिले सूत्रच ऐकलेले आहे.

त्या सूत्राने निघणारे आकडे पाहण्यासारखे आहेत. एक तार आहे आणि तिच्यावर बरोबर एका तारेचेच काम येते आहे, असे धरा. तरी निम्मे फोन परत जातात. दहा तारा आणि दहा तारांचे काम असेल, तर परत जाणारे सुमारे २१ टक्क्यांवर येतात. शंभर तारा, शंभर तारांचे काम: साडेसात टक्के. कुणी जास्त राबले नाही, तारेमागे काम तेवढेच. फक्त सगळ्यांनी मिळून एक साठा केला. दहा खिडक्यांपुढे दहा रांगा लावण्यापेक्षा एकच रांग लावून मोकळ्या होणाऱ्या खिडकीकडे पुढचा माणूस धाडावा, ही आता बँकांतून दिसणारी पद्धत याच विचारातली.

दुसरे सूत्र अधिक बोचरे आहे. विनंत्या अनियमित येत असतील आणि प्रत्येकीला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर एकटा सर्व्हर निम्मा वेळ गुंतलेला असताना एखाद्या कामाला मुळापेक्षा सरासरी दुप्पट वेळ लागतो. तो ८० टक्के गुंतला की पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९९ टक्क्यांना शंभरपट. आकडे सरळ चढत नाहीत, उसळतात. यंत्रे पूर्ण वापरली जावीत, रिकामी बसू नयेत, असे हिशेबनिसाला वाटते. अभियंता मात्र थोडे रिकामेपण राखून ठेवायला धडपडतो. दोघांच्या भांडणात एर्लांग अभियंत्याच्या बाजूचा आहे. १९४६ साली टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने भार मोजण्याच्या एककालाच ‘एर्लांग’ हे नाव दिले.

*

वेबवर हा प्रश्न नव्याने उभा राहिला तो इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या महासंगणक केंद्रात. १९९३ साली तिथून मोझेक हा ब्राउझर बाहेर पडला. तो उघडला की पहिले पान एनसीएसएचेच दिसे. म्हणजे जगभरच्या प्रत्येक नव्या वापरकर्त्याची पहिली पायरी याच दारात. एका संगणकाला ते झेपेना. एरिक कॅट्झ, मिशेल बटलर आणि रॉबर्ट मॅकग्रा यांनी काढलेली युक्ती १९९४ साली जिनीव्हाच्या पहिल्या वेब-परिषदेत मांडली गेली. संकेतस्थळाचे नाव एकच ठेवायचे, मागे अनेक संगणक ठेवायचे, सर्वांना फायली एकाच सामाईक साठ्यातून द्यायच्या आणि नावाचा पत्ता विचारणाऱ्या प्रत्येकाला आळीपाळीने पुढच्या संगणकाचा पत्ता सांगायचा. याला राउंड रॉबिन म्हणतात. पंगतीतला वाढपी जसा पानापानावर क्रमाने वाढत जातो, पानात काय उरले आहे ते बघत नाही, तसे. काहीच न जाणण्याची ही पद्धत. स्ट्रोजरच्या दांड्याहूनही अडाणी, कारण तो निदान तार मोकळी आहे का ते चाचपत असे.

अडाणीपणा नडलाच. पत्ता विचारणारा तो लक्षात ठेवतो. एखाद्या मोठ्या संस्थेने एकदा पत्ता विचारला की तिथले हजारो लोक त्याच एका संगणकावर जाऊन आदळतात. आणि पंगतीतले पान उठून गेले तरी वाढपी वाढतच राहतो: बंद पडलेल्या संगणकाचा पत्ताही आपल्या पाळीला दिला जातो. म्हणून १९९६-९७ च्या सुमारास खास यंत्रे आली, ती खरोखर दारात बसून प्रत्येक जोडणी आपल्या हाताने पुढे देऊ लागली. सिएटलच्या एफ-५ या कंपनीचे बिग-आयपी हे त्यांतले नामांकित. पुढे हेच काम करणाऱ्या फुकट प्रणाली आल्या: चीनमधल्या वेनसाँग झँग यांची १९९८ ची एलव्हीएस, फ्रान्समधल्या विली तारो यांची एचएप्रॉक्सी, रशियातल्या इगोर सिसोयेव्ह यांची २००४ ची एन्जिनएक्स. मॉस्कोतल्या एकट्या माणसाने लिहिलेली प्रणाली जगातल्या अगणित संकेतस्थळांच्या दारात बसावी, हा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दारात बसल्यावर माहिती मिळू लागली. कुणाकडे किती जोडण्या चालू आहेत, हे दारावरच्याला मोजता येई. मग ज्याच्याकडे सर्वांत कमी त्याच्याकडे पुढचा धाडा, ही पद्धत आली. तिला लीस्ट कनेक्शन्स म्हणतात. ऐकायला ती निर्विवाद वाटते आणि कामे लहानमोठी असतात तिथे ती राउंड रॉबिनहून सरस ठरतेही. पण तिच्यात एक मजेदार सापळा आहे. समजा, एका सर्व्हरचा आतला डेटाबेस तुटला आणि तो प्रत्येक विनंतीला क्षणात ‘चूक झाली’ असे उत्तर देऊ लागला. चूक सांगायला वेळ लागत नाही, म्हणून त्याच्याकडच्या जोडण्या सदैव सर्वांत कमी. दारावरच्याला तो सर्वांत मोकळा दिसतो आणि मग सगळी गर्दी त्याच्याच अंगावर. मागच्या नऊ जणांचे काम ठाकठीक चालू असताना गिऱ्हाइकांना मात्र फक्त चूकच दिसते. कार्यालयात ज्याच्या टेबलावर फाइल नाही तो तत्पर असतो की बिनकामाचा, हे फाइली मोजून कळत नाही. म्हणून अशा यंत्रणेला सर्व्हरची प्रकृती वेगळी तपासत राहावी लागते.

दुसरा सापळा अधिक खोल आहे. दारे जेव्हा अनेक होतात, तेव्हा आतली बातमी प्रत्येकाकडे जराशी शिळी होऊन पोहोचते. सातव्या क्रमांकाचा सर्व्हर मोकळा आहे, असे सर्व दारांना एकदमच कळते. सर्व जण आपापली गर्दी सातव्याकडे लोटतात. तो दबून गेल्याचे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मग सगळे मिळून तिसऱ्याकडे. मायकेल मिट्झेनमाखर यांनी १९९७ साली याच विषयावर, जुन्या माहितीचा उपयोग किती, असे विचारणारा निबंध लिहिला. माहिती शिळी असेल तर सर्वांत मोकळा सर्व्हर निवडणे हे डोळे मिटून निवडण्याहूनही वाईट ठरू शकते, हे त्यात दिसते.

या कोंडीतून सुटण्याची वाट त्याआधीच सापडली होती आणि मला ती या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. १९९४ साली योसी अझार, आंद्रेई ब्रोडर, अ‍ॅना कार्लिन आणि एली उपफाल यांनी चेंडू आणि पेट्यांचे एक कोडे सोडवले. दहा लाख पेट्यांत दहा लाख चेंडू डोळे मिटून टाकले तर सर्वांत भरलेल्या पेटीत आठ-नऊ चेंडू जमतात. आता प्रत्येक चेंडूसाठी चिठ्ठी टाकल्यासारख्या दोनच पेट्या निवडा, त्या दोहोंत डोकावा आणि कमी भरलेल्या पेटीत चेंडू टाका. सर्वांत भरलेल्या पेटीत आता बहुधा चारच. दोहोंच्या जागी तीन पेट्यांत डोकावले तर आणखी थोडा फायदा होतो, पण अगदी थोडा. मोठी उडी एकावरून दोनवर जाण्यातच आहे. मिट्झेनमाखर यांनी १९९६ साली बर्कलीला याच विषयावर प्रबंध लिहिला आणि चेंडूंच्या जागी रांगा घातल्या तरी हे खरे ठरते असे दाखवले. त्याच सुमारास रशियन गणितज्ञांचा एक गटही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला होता. चिठ्ठीमुळे प्रत्येक दाराची निवड वेगळी पडते, झुंड होत नाही. आणि दोन ठिकाणी डोकावल्यामुळे निव्वळ आंधळेपणाही राहत नाही. एन्जिनएक्समध्ये ही पद्धत आली २०१८ साली, म्हणजे गणितानंतर चोवीस वर्षांनी.

*

दारावरच्याने आतली स्थिती जाणण्याबरोबर आलेल्या माणसालाही ओळखावे का, हा उपप्रश्न आहे. दुकानाच्या संकेतस्थळावर पिशवी एका सर्व्हरकडे ठेवलेली असेल आणि पुढची विनंती दुसऱ्याकडे गेली, तर पिशवी रिकामी दिसते. यावर सोपा उपाय म्हणजे येणाऱ्याच्या पत्त्यावरून त्याचा सर्व्हर कायमचा ठरवून टाकणे. तो फार चांगला नाही, कारण एका मोबाइल कंपनीमागचे असंख्य लोक बाहेरून मूठभर पत्त्यांवरूनच आलेले दिसतात. मला विचाराल तर पिशव्याच सामाईक जागी ठेवाव्यात आणि दारावरच्याला या आठवणीतून मोकळे करावे.

पण आठवण टाळता येत नाही अशीही जागा आहे. चित्रे, चित्रफिती, बातम्यांची पाने यांच्या प्रती अनेक सर्व्हरांवर विखरून ठेवायच्या, तर कोणती वस्तू कुणाकडे हे ठाऊक हवेच. साधा मार्ग म्हणजे वस्तूला एक क्रमांक द्यावा, त्याला सर्व्हरांच्या संख्येने भागावे आणि बाकी उरेल तो सर्व्हर. दहा सर्व्हर असताना हे छान चालते. त्यांतला एक बंद पडला आणि दहाऐवजी नवाने भागू लागलो, की शंभरातल्या सुमारे नव्वद वस्तूंचा पत्ता बदलतो. एक गेला म्हणून सगळ्यांचेच बिऱ्हाड हलते, आणि तेही नेमके गर्दीच्या वेळी.

हा गुंता एमआयटीत सुटला. टिम बर्नर्स-ली तिथेच आले होते आणि वेबवरच्या कोंडीचे काहीतरी करा, असे ते सहकाऱ्यांना सांगत होते. टॉम लेटन यांच्या गटाने प्रश्न हाती घेतला. १९९७ साली डेव्हिड कार्गर, एरिक लेमन, लेटन, मॅथ्यू लेव्हिन, डॅनियल ल्युइन आणि रीना पाणिग्रही या सहा जणांचा निबंध आला. त्यातली कल्पना घड्याळाच्या तबकडीवर समजावता येते. सर्व्हर तबकडीवर जिथे पडतील तिथे बसवा, वस्तूही तशाच बसवा. वस्तूपासून काट्याच्या दिशेने जाताना पहिला भेटेल तो तिचा सर्व्हर. एखादा सर्व्हर उठून गेला तर फक्त त्याच्याच वस्तू पुढच्याकडे जातात, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. दहातला एक गेला तर सुमारे दहा टक्केच बिऱ्हाड हलते. गूगलने २०१६ साली आपल्या मॅगलेव्ह या भारवाटप-यंत्रणेची माहिती जाहीर केली. अनेक दारे असूनही एकमेकांना न विचारता सर्वांनी एकच उत्तर द्यावे, यासाठी तिच्यातही याच कुळातली युक्ती आहे.

या कल्पनेवर लेटन आणि ल्युइन यांनी १९९८ साली अकामाई ही कंपनी काढली. ल्युइन जन्माने अमेरिकन, वाढला जेरुसलेममध्ये, इस्रायली सैन्याच्या विशेष तुकडीत होता आणि एमआयटीत पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून आला होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी बोस्टनहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ११ क्रमांकाच्या विमानात तो होता. वय ३१. ते विमान न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळल्यानंतर सारे जग बातम्यांच्या संकेतस्थळांकडे धावले आणि त्या गर्दीचा मोठा भाग त्याच्या कंपनीच्या सर्व्हरांनी पेलला.

त्याच सकाळी सीएनएनचे संकेतस्थळ कोसळले होते. तिथल्या लोकांनी दुसऱ्या कामांचे सर्व्हर ओढून याच्या मागे लावले. पण त्याहून महत्त्वाचे, त्यांनी पानच हलके केले. चित्रे, सजावट, दुवे काढून चार ओळींची बातमी ठेवली. भारवाटपाच्या कुठल्याही पुस्तकी यादीत न बसणारा हा उपाय आहे, आणि वाटपाची पद्धत निवडत बसलेल्यांनी तो आधी वाचावा असे मला वाटते.

कारण एर्लांगचे सगळे गणित उभे आहे ते लोक एकमेकांना न विचारता येतात, या गृहीतावर. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्रातल्या दहावीच्या निकालाच्या वेळी ते गृहीत उरले नव्हते. लाखो मुले, त्यांचे आईबाप, मामा-मावश्या एकाच मिनिटाला एकाच दारात. संकेतस्थळे कित्येक तास उघडली नाहीत. अशा वेळी पान आले नाही की माणूस पुन्हा बोट दाबतो, म्हणजे प्रत्येक अपयश एक नवी विनंती जन्माला घालते. मागे सर्व्हर दहा असोत वा शंभर, राउंड रॉबिन असो वा दोन चिठ्ठ्या, सगळेच बुडालेले असताना सर्वांत कमी बुडालेला शोधून उपयोग नसतो. निकाल हा एकदा लागला की न बदलणारा कागद. त्याच्या तयार प्रती अगोदरच ठिकठिकाणी ठेवता येतात, म्हणजे प्रश्न स्ट्रोजरकडून ल्युइनकडे सरकतो.

तेही अपुरे पडले, तर दारावरच्याकडे एकच काम उरते: झेपतील तेवढ्यांना आत घ्यायचे आणि बाकीच्यांना तिथल्या तिथे ‘आता नाही, थोड्या वेळाने या’ म्हणून परतवायचे. जुन्या टेलिफोनला यासाठी व्यस्ततेचा टोन होता. आधी आत असलेल्यांचे बोलणे त्यामुळे तुटत नसे. वेबच्या अभियंत्यांनी ही गोष्ट पुन्हा शिकून घेतली आणि तिला विजेच्या खात्यातलेच नाव दिले, लोड शेडिंग. मराठीत, भारनियमन.